डावी बाजू

"दुसरं कुणी नाही का?" गिऱ्हाईकानं विचारलं, आणि काउंटरवर ठेवलेला कोट पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला. कोट राखाडी, लोकरीचा. काखेत घामाची पिवळी चंद्रकोर, कॉलरला मानेच्या मळाची मेणचट कड, आणि मागे, माणूस जिथे बसतो तिथे, असा एक डाग की ज्याचं नाव आम्ही गिऱ्हाईकासमोर घेत नाही; पावतीवर नुसतं 'डाग, मागे' लिहितो आणि सभ्यपणे दुसरीकडे बघतो. हा कोट मी हातात घेणार होते. अर्धं आयुष्य मी असेच कोट हातात घेत आलेय, कुणाच्या ओकारीचे, कुणाच्या लग्नाचे, मेलेल्या माणसांचे, जे त्यांच्या बायका धुवून ठेवून देतात. आणि त्या माणसाला माझी किळस आली. मला आधी हसूच फुटलं. हसल्याबरोबर डाव्या गालाची कातडी तडकली आणि काहीतरी ओलं, कोमट, हनुवटीकडे निघालं. त्यानं ते पाहिलं. मी ते त्याच्या तोंडावर पाहिलं: वरचा ओठ किंचित उचललेला, नाकपुड्या आत गेलेल्या, मान मागे. हा चेहरा मला पाठ होता. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी तो रोज दाबत आले होते.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचे मालक वाईट नाहीत. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, स्टूल पुसून दिलं. "थोडे दिवस इथेच बसा," ते म्हणाले. "तसं काही नाही हो. पण गिऱ्हाईक म्हणजे कसं, आधी डोळ्यांनी कपडा धुतं. डाग काढायच्या दुकानात काउंटरवरच..." मग "बरं होईपर्यंत," म्हणाले. मी म्हटलं, "आणि नाही झालं तर?" त्यांनी वर टांगलेल्या कपड्यांकडे बघितलं, जसं काही तिथे कुणी उत्तर अडकवून ठेवलंय. "बघू," ते म्हणाले. जाताना त्यांनी काउंटरवरचं माझं पेन दोन बोटांत उचलून मला आणून दिलं. मागच्या खोलीत खिडकी नाही. द्रावणाचा गोडसर, डोकं चढवणारा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि एक मोठं गोल यंत्र, ज्याच्या काचेत बाह्या एकमेकींना मिठ्या मारत फिरतात. माझं काम आता एवढंच, की धुण्याआधी प्रत्येक कपड्यावरच्या डागाभोवती खडूनं गोल काढायचा. त्या काचेत मला माझी डावी बाजू दिसायची. फिरणाऱ्या पँटींच्या वर, स्थिर.

तर ही डावी बाजू. सकाळी डोळा उघडत नाही. पापण्या चिकटून बसलेल्या असतात. कोमट पाण्यात कापूस बुडवून त्या सोडवाव्या लागतात, आणि कापसावर पिवळे खवले येतात, आणि मी ते बघते. न बघता टाकून देता येतात, पण मी बघते. कान मापात राहिलेला नाही. पाळीपासून वरच्या टोकापर्यंत लाल, जाड, गरम, जणू दुसऱ्या कुणा मोठ्या बाईचा कान चुकून माझ्या डोक्याला लावलाय. कानाच्या भोकातून पाणी येतं. गालावर बारीक पुटकुळ्या, त्या फुटल्या की ओल, ओल सुकली की साल. उशीचा अभ्रा रोज सकाळी माझ्यापासून सोलून काढायचा. आणि कानामागच्या खाचेत एक वास. पहिल्यांदा बोट लावून हुंगलं तेव्हा मी बाथरूमच्या पाटावर बसलेच. वास ओळखीचा होता. माझ्या वडिलांचा होता.

वडील सरसाच्या कारखान्यात होते. हाडं, खुरं, कातड्याचे तुकडे मोठमोठ्या कढयांत उकळायचे आणि वर येणारा चिकट रस गाळून घ्यायचा. त्या सरसानं लोक खुर्च्या जोडतात, पुस्तकं बांधतात, आणि ज्याच्या अंगाला तो वास येतो त्याच्यापासून चार हात लांब राहतात. वडील घरी आले की आई त्यांच्यासाठी पाणी बाहेरच ठेवायची. ते घासून घासून लाल व्हायचे आणि मग आत येऊन मला उचलायचे, आणि मला वाटायचं वडील नावाच्या माणसांना असाच वास असतो. लग्न होऊन सासरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हवा हुंगली. "तुझ्या कपड्यांना कसला वास येतो गं?" "कसला?" मी म्हटलं. "तेच तर विचारतेय," त्या म्हणाल्या. सासूबाई फार स्वच्छ. नळाला हात लावायच्या आधी नळ धुवायच्या. माझ्या हातचा चहा त्या प्यायच्या, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पण कप घेताना त्यांच्या हातात एक रुमाल असायचा. पांढरा, कडक, चौकोनी घडीचा. "गरम असतो ना," म्हणायच्या. थंड पाण्याचा पेला घेतानाही तोच रुमाल असायचा. नवरा म्हणायचा, "ती सगळ्यांशीच तशी आहे." खरंच होतं ते. फक्त सगळ्यांचे वडील हाडं उकळत नव्हते. मी पुढे कपडे धुण्याच्याच धंद्यात पडले याला लोक योगायोग म्हणतात. मी पण म्हणते.

आता त्याच सासूबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहू शकत नाहीत आणि हे घर कुणाचं ते त्यांना ठाऊक नाही. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून पुन्हा पलंगावर न्यायचं, हे माझ्याकडे. नवऱ्याच्या मणक्यातली चकती सरकलेली, त्याला वजन उचलायची बंदी. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळीला असतो. दिवसा आईजवळ बसतो, भरवतो, पुसतो, तिचा डोळा लागला की आमच्या पलंगावर पडतो. मी आले की तो जातो. आमचा पलंग दोन पाळ्यांत चालतो. उचलायचं कसं ते एका नर्सबाईंनी शिकवलं होतं. "तुमचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवा. त्यांचे हात तुमच्या मानेभोवती. गालाला गाल. नाचल्यासारखं करा बघू." मी जन्मात कुणाबरोबर नाचले नव्हते, आणि नाचायची वेळ आली ती हिच्याबरोबर. त्यांची मान एकाच बाजूला वळते, म्हणून डोकं नेहमी माझ्या डाव्या खांद्यावर. तोंडाला आंबूस वास, गाऊनला लघवीचा, मानेच्या वळ्यांत पावडर ओली होऊन झालेली पेस्ट. मी श्वास रोखते, "चला आई, वर," म्हणते आणि उचलते. उचलून झाल्यावरही त्या लगेच सोडत नाहीत. तशाच टेकून राहतात, डोकं माझ्या कानावर दाबून, आणि कधी कधी कानात बोलतात. "ती म्हातारी गेली का?"

ही म्हातारी म्हणजे त्याच. एक दिवस कपाटाच्या आरशात पांढऱ्या केसांची बाई बघून त्यांनी आरडाओरडा केला होता: घरात कुणीतरी शिरलंय, घाणेरडी आहे, माझा गाऊन घातलाय तिनं. आरसा काढला. ती खिडकीच्या काचेत आली. काचेवर कागद चिकटवला. मग एकदा स्वतःची वेणी खांद्यावरून पुढे आली, ती हातात धरून त्या किंचाळल्या, की हिचे केस माझ्या अंगावर पडलेत, काढा, काढा. तेव्हापासून नवरा त्यांचे केस काळे करतो. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी दुकानात असताना. "आईची मुलगी झालीय," मी त्याला चिडवायची. "आता स्थळं बघा." तो म्हणायचा, "हसू नकोस. त्या दिवशी तिला झोप लागते."

डॉक्टर तीन झाले. कानाचे डॉक्टर कानापुरते शहाणे. त्यांनी भोकात बघितलं, थेंब दिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी उलटी केली, थेंब दिले. दोघांनीही मधल्या गालाकडे, शेजाऱ्याचं अंगण असल्यासारखं, पाहिलं नाही. त्या थेंबांनी डाव्या बाजूला काही फरक पडला नाही, एवढंच की आता ती चकाकायची. बसमध्ये माझ्या डावीकडची सीट रिकामी राहू लागली. तिसरी डॉक्टर त्वचेची, माझ्या मुलीच्या वयाची शोभली असती, मुलगी असती तर. तिनं हातमोजा न घालता माझी हनुवटी धरली आणि चेहरा दिव्याकडे वळवला. बोटं गार होती. मला एकदम रडू आलं, आणि डावा डोळा तसाही गळतच होता, त्यामुळे फक्त उजवा पुसला. "कान, डोळा, गाल, तिन्ही एकदम," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "नागीण असती तर आधी आग झाली असती, पुरळ एका पट्ट्यात असतं, आणि एव्हाना ओसरली असती. जंतू असते तर ताप असता. कोंड्याच्या आजारानं कान आणि पापण्या दोन्ही धरतात, पण तो दोन्हीकडे होतो. एक आजार असा आहे की शरीर स्वतःच्याच कूर्चेवर, मऊ हाडावर, उठतं, कान सुजतो, डोळा लाल होतो. पण त्यात कानाची पाळी सुटते, कारण पाळीत कूर्चा नसते. तुमची तर पाळीच जास्त सुजलीय." एवढी वर्षं मी ती पाळी घेऊन हिंडले, तिच्यात काय नाही ते मला माहीत नव्हतं. मग ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "एकच बाजू आहे ना. मग सांगा, या बाजूला काय लागतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय काय टेकतं. केसांना काही लावता?"

"माझे केस बघताय ना? जसे आहेत तसे."

"फोन?"

"उजव्या कानाला."

"उशी, साबण, दुकानातलं काही? किंवा कुणी? जवळचं माणूस, त्याची दाढी, क्रीम, अत्तर."

मी मनातल्या मनात घर फिरून आले. उशी साधी, अभ्रा मीच धुते. दुकानात हातमोजे, आणि द्रावण काही एक बाजू बघून चढत नाही. नवरा. आम्ही एकमेकांना दारात भेटतो. तो बूट घालत असतो, मी चप्पल काढत असते. त्याची ऊब मला उशीवर मिळते, तीही शिळी. शेवटचा गाल कधी लागला होता? आठवेना. आठवावं लागतंय याचीच शरम वाटली, आणि शरमेखाली एक चिकट अशी किळस. स्वतःची. जिला कुणी हात लावत नाही तिलाच हे व्हावं, म्हणजे अंगानं सूड घेतल्यासारखं. जणू कातडी वाट बघून बघून आतल्या आत नासली. "काही नाही," मी डॉक्टरला म्हणाले. "कुणी नाही." आणि हे मी मनापासून सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ एक अख्खं माणूस माझ्या त्याच गालावर डोकं टेकून उभं राहतं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ते काम होतं. कामाला कुणी स्पर्श म्हणतं का?

आठवलं ते मागच्या खोलीत. एक शर्ट आला होता, पांढरा, महागाचा, कॉलरच्या आतल्या बाजूला डाग, आणि पावतीवर समोरच्या नव्या मुलीनं गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, 'शाई'. मी खडूनं गोल काढला आणि थांबले. शाई ओल लागली की पसरते. हा बसून होता, मधे तपकिरी, कडेला जांभळट, गंजलेल्या खिळ्यासारखा. मानेवर शाई कोण सांडतं? केसांचा रंग. पुरुष कबूल करत नाहीत, म्हणून आम्हाला तो वर्षानुवर्षं शाईच्या नावानं येतो आणि आम्हीही शाई म्हणूनच परत देतो. आणि तेवढ्यात काचेत, फिरणाऱ्या बाह्यांच्या वर, मला माझ्या ब्लाउजचा डावा खांदा दिसला. तिथे तसाच डाग. आजचा नव्हे, कित्येक दिवसांचा, एकावर एक. घरी सासूबाईंच्या उशीवर तोच, पलंगाच्या कठड्यावर तोच, आणि मी त्याला मळ म्हणत आले होते, म्हातारपण म्हणत आले होते. दुसऱ्यांच्या कॉलर वाचणारी मी. पण घरी जाताना नाक आणि डोळे दुकानातच टांगून जाते. नाहीतर संसार होत नाही. मी ब्लाउजचा खांदा नाकाशी ओढला. अमोनियासारखा, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा झोंबरा वास, आणि त्याखाली माझी स्वतःची ओल. त्याखाली सरस. त्या बंद खोलीत, एवढ्या लोकांच्या घाणीच्या मधोमध, मला पहिल्यांदाच ओकारी आली, आणि ती माझ्याच कपड्याची.

त्वचेच्या डॉक्टरकडे तशीच गेले. "म्हणजे रंग सासूबाईंच्या केसांत, आणि चेहरा तुमचा," ती म्हणाली, थोडी खूशच झाली. "होतं असं. ज्याच्या डोक्यावर असतो त्याला काही होत नाही, टेकणाऱ्याला होतं. पाठीवर त्या रंगाची पट्टी लावून खात्री करून घेऊ. पण आजपासूनच तो रंग लांब ठेवा. वारंवार झालं तर डोळ्याला महागात पडेल." मी विचारलं, लांब म्हणजे कसं, मला त्यांना उचलावं लागतं. "मग मध्ये कापड ठेवा," ती म्हणाली. किती सोपं.

घरी नवरा निघायच्या तयारीत होता. "केस रंगवून झाल्यावर धुता कसे?" मी विचारलं.

"कुणाचे?"

"माझे तर नाहीच."

तो बूट बांधत होता, वर बघितलं नाही. "पुसतो," म्हणाला.

"पुसता?"

"ओल्या टॉवेलनं. आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ती बसते कुठे? लगेच डोक्याला हात लावते. मग अर्धवटच पुसून घेतो. म्हणून तर दर आठवड्याला लावावा लागतो, टिकत नाही." मग म्हणाला, "डोक्यावर पाणी ओतलं की ती ओरडते. बुडतेय म्हणते. एकदा माझा हात धरून म्हणाली, 'दादा, मला वर काढा.' मला दादा म्हणाली."

"अख्ख्या शहराला पाणी चढवता तुम्ही," मी म्हणाले.

"पंप बटणावर चालतो," तो म्हणाला. "तो रडत नाही."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, डाव्या बाजूकडे, पहिल्यांदाच नीट, आणि त्याचा हात वर आला आणि मध्येच थांबला. घाण वाटली म्हणून की दुखेल म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल. "माझ्यामुळे झालं हे?" तो म्हणाला. मी म्हटलं, "जा, उशीर होईल." तो गेला नाही. तिथेच बसून राहिला, एक बूट बांधलेला.

मी कपाटातून रुमाल काढला. पांढरा, चौकोनी घडीचा. या घरात तसल्या रुमालांना तोटा नाही. डाव्या खांद्यावर गालापर्यंत येईल असा अंथरला आणि सासूबाईंच्या समोर गुडघा टेकवला. "चला आई, वर." त्यांनी हात पुढे केले, आणि मग तो रुमाल त्यांना दिसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात हळूहळू मागे घेतले आणि मांडीवर ठेवले, जसे पाहुण्याकडे ठेवतात. "गरम आहे का?" त्यांनी विचारलं.

सूड असतो तो असा हाताशी येतो, आयता, इस्त्री केलेला. मी म्हणू शकले असते, हो, गरम असतं ना. कितीतरी कप, कितीतरी पेले. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ओळख नाही, अपराध नाही. फक्त एक माणूस जवळ येता येता थांबलं होतं आणि का ते त्यांना कळत नव्हतं. तो न कळण्याचा चेहरा मी ओळखला. पहिल्या दिवशी, चहाचा कप पुढे धरून, तो माझा होता. "नाही आई," मी म्हणाले, "गार आहे," आणि रुमाल त्यांच्या मांडीवर टाकला.

"बूट काढा," मी नवऱ्याला म्हणाले. "पाणी तापवा."

ते धुणं मी सांगत बसणार नाही. दुकानाचे रबरी हातमोजे माझ्या हातात, प्लॅस्टिकची खुर्ची मोरीत, मी समोर गुडघ्यांवर, त्यांचे दोन्ही हात धरून. त्या ओरडल्या. चावल्याही, मोज्यावर. नवरा मागून मानेपासून वर, थोडं थोडं पाणी घालत होता आणि रडत होता, त्याचं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "दादा, मला वर काढा." "काढतोय," तो म्हणत होता, "काढतोय गं, हे बघ, आलीस वर." काळं पाणी, मग तपकिरी, मग गटाराच्या जाळीवर जांभळट फेस, त्यात केसांचे पुंजके आणि शेवटी काहीतरी, जे भीतीनं त्यांच्याच्यानं आवरलं गेलं नाही. ते सगळं माझ्या गुडघ्यांखालून वाहत गेलं. मला जेवढी किळस येऊ शकते तेवढी आली, आणि मग आणखी यायला जागा उरली नाही.

कोरडं करून, गाऊन बदलून त्यांना खुर्चीत बसवलं. नवऱ्यानं वेणी घातली. त्याला छान येते. ती राखेच्या रंगाची निघाली होती, टोकाला जराशी तांबूस. मी श्वास धरून बघत होते, कारण वेणी खांद्यावरून पुढे आलीच आणि त्यांनी ती हातात धरलीच.

"ही कुणाची?"

नवऱ्यानं डोळे मिटले.

"माझी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथेही पांढरंच होतं, पटण्यासारखं होतं. "मग माझ्या डोक्याला कशाला?"

"सांभाळायला दिलीय तुमच्याकडे. दुकानात मला अडचण होते."

त्यांनी ती हातात तोलून बघितली, दुसऱ्याची वस्तू तोलतात तशी. "बरं," त्या म्हणाल्या. "पण स्वच्छ ठेवत जा." मग त्यांची नजर माझ्या तोंडावर आली, आणि वरचा ओठ किंचित उचलला गेला, नाकपुड्या आत गेल्या. इतक्या वर्षांनी तो चेहरा परत आला होता, अगदी जसाच्या तसा. "शी," त्या म्हणाल्या. "काय लावून घेतलंस हे? ये इकडे."

मी पुढे झाले. त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला, त्याचं टोक तोंडात घातलं, थुंकीनं नीट भिजवलं, दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली आणि पुसू लागल्या. आधी डोळ्याचा कोपरा, मग गाल, मग कानामागची खाच. कापड खरखरीत होतं, गाल सोललेला, आणि थुंकीचा आंबूस वास थेट नाकात जात होता. डॉक्टरनं हे पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, असं मनात आलं. माझी मान आपोआप मागे जायला लागली.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.

मी हलले नाही. डावी बाजू झाल्यावर त्यांनी रुमालाची घडी उलटली, दुसरं टोक तोंडात घातलं आणि माझा चेहरा वळवला. उजव्या गालाला काहीच झालेलं नव्हतं. तोही त्यांनी पुसला.